ऋजुताची बदली, शंतनूचा पीआर

शंतनू पागेचं कॅनडातलं कायमचं वास्तव्य बायकोच्या नोकरीवर टांगलेलं होतं, आणि ही गोष्ट इंदूरच्या नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद त्यानं केव्हाच सोडला होता.

तसा नियम सोपा होता. पीआर, म्हणजे तिथं कायमचं राहायचा परवाना, टिकवायचा तर पाच वर्षांतली दोन वर्षं त्या देशात काढायची. पण शंतनू आणि ऋजुताची सुरुवातच अडखळत झाली होती. परवाना मिळाल्यावर दोघं पंधरा दिवस जाऊन शिक्का मारून आली, आता इथलं आवरून निघायचं म्हणून. आणि शंतनूच्या आईचं, वसुंधराबाईंचं, दुखणं निघालं. त्या गेल्या तोवर तीन वर्षं हातची निघून गेली होती. मग दोघं सास्काटूनला पोचली. ऋजुताला मसूर निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. इंदूरच्या कॉलेजात कॉमर्स शिकवणारा शंतनू दोन-चार ठिकाणी नकार घेऊन, परीक्षा देऊन, शहराच्या बसवर ड्रायव्हर झाला.

वर्षभरानं कंपनीनं ऋजुताला पाठवलं ते नेमकं इंदूरला. कंपनीचा बराचसा मसूर इंदूरच्या डाळमिलांत उतरायचा आणि तिथून तक्रारी यायच्या. दाणा काळवंडलाय, ओल जास्त आहे, डाळ भरडताना फुटते. ऋजुताची वरिष्ठ मॉरीन तिला म्हणाली, तू तिथलीच ना, दोन वर्षं तिथे बसून हे निस्तर. पगार कॅनडातूनच मिळेल, लॅबमधली जागाही राखून ठेवू. कॅनडाच्या कंपनीनं आपल्या माणसाला असं तात्पुरतं बाहेर धाडलं तर ते दिवस देशात काढल्यासारखेच धरतात. त्या माणसासोबत राहणाऱ्या नवऱ्याचे किंवा बायकोचेही धरतात. शंतनूनं युनियनच्या नियमात बसवून बिनपगारी रजा काढली आणि ऋजुताच्या मागोमाग इंदूरला आला. लोकमान्य नगरातल्या फ्लॅटमध्ये त्याचे वडील दिनानाथराव एकटेच होते. त्यांनाही बरं वाटलं.

ऋजुता रोज सकाळी गाडी घेऊन मिलांकडे जायची. शंतनू भाजी आणायचा, वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचा, दुपारी वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचायचा. आपण इथे बायकोचे दिवस मोजायला बसलोय असं त्याला अधूनमधून वाटे. त्याला बस आठवायची. कॉलेजात अठरा वर्षांची पोरं त्याच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत तास काढायची. बसमध्ये मात्र उतरताना प्रत्येक माणूस त्याला थँक यू म्हणायचा. त्यात काय एवढं, असं ऋजुताही एकदा म्हणाली होती. पण शंतनूला ते आवडायचं.

एका रविवारी वरच्या मजल्यावरचे जयसिंगराव पोहे-जलेबी घेऊन आले. ते आणि दिनानाथराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बरोबर होते.

"क्यों भिया शंतनू, तिकडे पोस्ट काय आहे तुझी?" पोह्यांवर शेव घालत त्यांनी विचारलं. "दिनानाथ सांगत होता, ट्रान्सपोर्टमध्ये आहेस. ऑफिसर लाइन?"

"बस चालवतो, काका."

"मतलब डेपो वगैरे बघतोस?"

"नाही, बसच चालवतो. मी स्वतः."

जयसिंगरावांनी "अच्छा, अच्छा" म्हणून जलेबीचा पुडा पुढे केला आणि महापालिकेच्या घंटागाडीचा विषय काढला. ते गेल्यावर दिनानाथराव बशा उचलता उचलता म्हणाले, "काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं."

"अरे, थोडं मोघम बोललं तर चालतं. मी खोटं कुठे सांगितलं होतं? बस म्हणजे ट्रान्सपोर्टच ना?"

वडिलांच्या आवाजात राग नव्हता, शरम होती. आणि रागापेक्षा तीच शंतनूला जड गेली.

त्याच आठवड्यात ऋजुता एका संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर घरी आली. केसांत, बाहीवर मिलातली धूळ तशीच होती. हात धुऊन ती जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली.

"मॉरीनचा फोन होता. ते इथे कंपनी उघडताहेत. इंडियन कंपनी, ऑफिस इंदूरलाच. हेड म्हणून मला विचारलंय."

"वा!" शंतनू मनापासून म्हणाला. मग थांबून त्यानं विचारलं, "पगार कुठून?"

"इथून. इथल्या कंपनीतून, एप्रिलपासून."

"मग आपले दिवस?"

"नाही धरणार. मी मॉरीनला पहिलं तेच विचारलं. इथल्या कंपनीत कायमची नोकरी घेतली म्हणजे मला कॅनडातून कुणी पाठवलेलं नसणार. मग माझे नाहीत आणि तुझेही नाहीत."

"आणि नाही म्हटलंस तर?"

"मग हेड दुसरं कुणी. मी मार्चपर्यंत इथलं आटपून परत. लॅबमध्ये जागा आहे. होती तीच."

शंतनूनं कढईखालचा गॅस बंद केला. भाजी अजून कच्ची होती हे त्याच्या लक्षात आलं, पण पुन्हा पेटवायला हात पुढे झाला नाही.

"तू ठरवूनच आलीस?"

"ठरवलं असतं तर विचारत बसले असते का?"

"रजा टाकून मी तुझ्यामागे आलो, ऋजुता. सहा महिने झाले, मी इथे भाजी निवडतोय. आपल्याला परत जायचंय याच हिशोबानं आलो होतो ना?"

ऋजुता काही वेळ टेबलावरचा धुळीचा डाग बोटानं पुसत राहिली. "आईंच्या वेळी तीन वर्षं मी थांबले," ती म्हणाली. "तेव्हा हिशोब काढला होता मी?"

तिनं तेव्हा खरंच काही काढलं नव्हतं. आईला आंघोळ घालण्यापासून सगळं तिनं केलं होतं, आणि परवान्याची वर्षं सरत चाललीत हे दोघांनाही दिसत असताना एका शब्दानं बोलली नव्हती. बैठकीत टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला, म्हणजे दिनानाथरावांनी ऐकलं होतं. त्या रात्री तिघांनी कच्चीच भाजी खाल्ली.

पुढचे चार दिवस दोघं कामापुरतंच बोलली. घरात भांडण नव्हतं, पण दोघांपैकी कुणी विषय काढत नव्हतं. शंतनूनं स्वतःशी बरंच मांडून पाहिलं. ऋजुता परत आली तर दोघांचंही टिकत होतं. दोन वर्षं भरायला पाचेक महिनेच कमी होते. म्हणजे तिनं नाही म्हणायचं, एवढाच प्रश्न होता. आणि ती नाही म्हणेल, त्यानं म्हटलं तर म्हणेल, हे त्याला माहीत होतं. तेच त्याला टोचत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मसुराच्या नमुन्यांची पाकिटं घरी शू-रॅकवर राहिली होती आणि ती सियागंजात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर अडकली होती. "आणून देशील? प्लीज यार. हा माणूस आज ऐकायच्या मूडमध्ये आहे, उद्या नसेल."

शंतनू स्कूटरवर निघाला. सियागंजात हातगाड्या, टेम्पो आणि पोती यांच्यामधून वाट काढत, स्कूटर एका किराण्याच्या ठोक दुकानासमोर कशीबशी घुसवून तो जिना चढला. वरच्या खोलीत गादीवर पांढऱ्या सदऱ्यातला व्यापारी बसला होता, त्याचे दोन मुनीम होते, आणि समोर मांडी घालून ऋजुता. तिनं मान न वळवता हात पुढे केला, पाकिटं घेतली, फोडली आणि पांढऱ्या ताटलीत दाणे पसरले.

"देखो भिया," ती म्हणाली, "ये कंकर हमारा नहीं है. हमारे यहाँ की मिट्टी ऐसी होती ही नहीं. ये आपके गोदाम का है, और आपको पता है."

व्यापारी हसला.

"पर रंग का आप सही बोल रहे हो. दाना काला पड़ा है, जहाज में नमी लगी है. उसका मैं लिख के देती हूँ. आज ही."

"मैडमजी, यही तो मैं दो महीने से चिल्ला रहा हूँ!"

"आप चिल्ला रहे थे, कंकर का. रंग का आज बोले."

मुनीमही हसले. व्यापाऱ्यानं चहा सांगितला. शंतनू दाराशी उभा राहून बघत होता. सास्काटूनला कंपनीच्या नाताळच्या पार्टीत हीच ऋजुता हातात कागदी बशी घेऊन भिंतीपाशी उभी राहायची. एखादं वाक्य मनात जुळवेपर्यंत बोलणं दुसरीकडे सरकलेलं असायचं. घरी येताना गाडीत ती म्हणायची, लॅबमध्ये माझं बरोबर असतं पण मीटिंगमध्ये बोलते शेवटी शेजारच्या टेबलाची कॅथीच. इथे खोलीतले तिघेही तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला त्याचं काही विशेषही वाटत नव्हतं, इतकी ती त्यात मुरली होती.

"आप मैडम के हस्बैंड?" व्यापाऱ्यानं शंतनूला बसायची खूण केली. "आप क्या करते हो?"

"बस चलाता हूँ. कनाडा में."

"सरकारी?"

"म्युनिसिपल्टी की."

"फिर तो बढ़िया है," व्यापारी म्हणाला आणि कप त्याच्याकडे सरकवला.

गाडी पंक्चर झाली होती म्हणून ऋजुता परत येताना स्कूटरवर मागे बसली. वाटेत त्यानं एका दुकानाशी स्कूटर थांबवून दोन ग्लास शिकंजी सांगितली. दाट दुधाची, केशर घातलेली इंदुरी शिकंजी. ऋजुता चमच्यानं खायची ती.

"तू हो म्हण," शंतनू म्हणाला.

तिनं चमचा ग्लासातच ठेवला. "आणि तू?"

"मी जातो परत. रजा संपतेच आहे. उरलेले दिवस मी तिथे राहून भरीन, माझं माझं. तुझ्या नोकरीवर कशाला लटकून राहायचं?"

"चिडून बोलतोयस?"

"चार दिवस चिडलो होतो. आज नाही."

ऋजुता म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी हे सुचलं होतं. पण मी बोलले असते, तर मी तुला घालवल्यासारखं झालं असतं."

"तुझा पीआर जाईल."

"जाईल."

"काहीच वाटत नाही तुला?"

"वाटतं ना! तिथली पहाट, ती नदी, लायब्ररी. कुणी आपल्या घरात डोकावत नाही, ते तर फार. पण ते धरून ठेवायला मला परत त्या भिंतीपाशी जाऊन उभं राहावं लागेल, शंतनू. मला नाही जमणार आता." तिनं चमचा उचलला. "तुला इथे जमत नाही, तसंच."

"पुढे कधी यावंसं वाटलं तर मी अर्ज करू शकतो तुझ्यासाठी. बायको म्हणून."

"तेव्हा मी तुझ्यामागे येणार?" ती हसली. "बघू."

घरी सांगणं सोपं नव्हतं. दिनानाथरावांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे मुलगा जाणार आणि सून राहणार."

"हो, बाबा."

"उलटंच आहे सगळं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋजुता लॅपटॉप घेऊन बाल्कनीत बसली असताना ते तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. शंतनू आतल्या खोलीत कपाट आवरत होता; त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.

"एक विचारू? तू माझ्यासाठी थांबत्येस का?"

"नाही, बाबा," ऋजुता म्हणाली. "नोकरीसाठी थांबत्येय. तुम्ही इथे आहात, ते मला बरंच पडेल. पण तुमच्यासाठी म्हणून नाही."

"मग ठीक आहे. उपकार म्हणून असतं तर मला नको होतं." मग ते म्हणाले, "लोक विचारतील."

"तुम्ही मोघम सांगा काहीतरी. तुम्हाला जमतं छान."

शंतनूनं कान टवकारले. त्याला वाटलं, आता बाबा बिथरणार. पण बाल्कनीतून खोकल्यासारखं हसू आलं.

जायच्या आधीच्या आठवड्यात दिनानाथराव संध्याकाळच्या फेरीला शंतनूला बरोबर घेऊन गेले. बागेतल्या बाकावर टेकल्यावर त्यांनी विचारलं, "तिथे बर्फावर बस घसरत नाही?"

"घसरते ना. ब्रेक दाबायचाच नाही एकदम. स्टॉप यायच्या खूप आधीपासून वेग उतरवत आणायचा. पहिल्या हिवाळ्यात माझ्या शेजारी रोज एक बाई बसायच्या, शिकवायला. जोरात ब्रेक मारला की त्या नुसत्या खिडकीबाहेर बघायच्या."

"ओरडायच्या नाहीत?"

"नाही. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं की मला समजायचं."

दिनानाथरावांना हे फार आवडलं. मग इंजिन गरम कसं ठेवतात, पहाटे बस चालू होत नसेल तर काय, म्हातारी माणसं चढेपर्यंत थांबता की नाही, असं ते विचारत गेले. वडिलांना आपल्या कामाविषयी इतकं विचारताना शंतनूनं कॉलेजात शिकवत असतानाही ऐकलं नव्हतं.

जानेवारीत तो गेला. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, इतके महिने बाहेर कसे होतात? कंपनीनं बायकोला पाठवलं होतं, मी सोबत होतो, असं त्यानं सांगितलं, आणि मॉरीननं दिलेलं पत्र दाखवलं. अधिकाऱ्यानं ते वाचून परत दिलं. दोन मिनिटांचं काम. ज्या दोन मिनिटांसाठी घरात एवढं सगळं झालं होतं ती अशी आली आणि गेली.

एकटं राहणं त्याला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. त्यानं एका तळघरात भाड्यानं खोली घेतली. दुपारची पाळी असायची, रात्री परत आल्यावर खिचडी टाकायचा आणि फोन लावायचा. तेव्हा इंदूरला ऋजुताची जायची वेळ झालेली असायची. कधीकधी ती फोन दिनानाथरावांच्या हातात देऊन निघून जायची. फेब्रुवारीत एकदा ताप आला तेव्हा दोन दिवस तो पडून राहिला, आणि हे सगळं आपणच सुचवलं याचा त्याला मनस्वी राग आला. बरा झाल्यावर बसवर गेला आणि तो राग उतरला.

एप्रिलमध्ये ऋजुताची नवी कंपनी सुरू झाली. जूनमध्ये तिला दोन आठवडे यायचं होतं. तिच्या कार्डाची मुदत मेमध्येच संपत होती, आणि पाहुणी म्हणून व्हिसा मागायचा तर आधी पीआर आपणहून सोडून द्यावा लागत होता. दोन्ही एकदम ठेवता येत नाही. तिनं तो अर्ज भरला तेव्हा व्हिडिओ कॉलवर शंतनू समोर होता. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत, हातात सँडविच.

"सही कुठे करू, इथेच ना?"

"वाचलंस नीट?"

"वाचलं रे बाबा. स्वेच्छेनं सोडत आहे, असं आहे." तिनं सही केली, कागद कॅमेऱ्यापुढे धरला. "झालं."

शंतनूनं बाहीनं डोळे पुसले. तो सँडविचकडे बघत म्हणाला, "इतकी धडपड करून मिळवला होता आपण."

"हो," ऋजुता म्हणाली. "मला वाटलं होतं मी रडेन. तू का रडतोयस?"

"माहीत नाही."

"बाबा विचारताहेत, जेवलास का?"

"जेवतोय म्हणून सांग."

त्याचं नवं कार्ड मेच्या अखेरीस पोस्टानं आलं. त्यानं ते पाकिटात घातलं आणि दोन दिवस ऋजुताला सांगायचं टाळलं.

जूनमध्ये ती आली. पाहुण्यांच्या रांगेतून बाहेर यायला तिला तासभर लागला. तिच्या सुटकेसमध्ये शेव होती, लोणचं होतं, आणि दिनानाथरावांनी बांधून दिलेली, वासावरून तरी गरम मसाल्याची, पुडी. दुसऱ्या दिवशी शंतनूला रजा मिळाली नव्हती. तेव्हा ती त्याच्याबरोबरच डेपोच्या स्टॉपवर गेली, तिकीट काढून पहिल्या सीटवर बसली आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत आली. तिथं बस काही मिनिटं उभी राहते. समोर मोकळं माळरान आणि त्यापलीकडे पिवळसर हिरवी शेतं. रात्री नऊनंतरही उजेड असायचे ते दिवस. सकाळी तर ऊन चकचकीत होतं. दोघं दाराच्या पायरीवर बसून पोळीची गुंडाळी खात होती.

"किती वर्षं हे असं?" शंतनूनं विचारलं. पाच महिने तो प्रश्न त्यानं फोनवर टाळला होता.

"मीही तेच काढत होते विमानात. तू असाच इथे राहिलास तर नागरिकत्वाचा अर्ज केव्हा करता येईल?"

"इथे राहून तीन वर्षं भरली की. इंदूरचे दिवस यात धरत नाहीत, म्हणजे अजून दीडेक वर्ष."

"ते मिळालं की कुणी तुझे दिवस मोजायला नको. मग वर्षातले सहा महिने इंदूरला राहिलास तरी चालेल."

शंतनूनं याचा विचारच केला नव्हता. परवाना टिकवायचा, इथवरच त्याची मजल गेली होती. "पण मग भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल," तो म्हणाला.

"हो, ते आहे."

"आणि सहा महिने इंदूरला करू काय मी? बस चालवू?"

"इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये?" ऋजुतानं त्याच्याकडे नीट बघितलं. "तुझ्यानं व्हायचं नाही ते. तिथे कुणी आधीपासून वेग उतरवत नाही."

शंतनू हसायला लागला, मग तीही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा बघू. मला अठरा तारखेला परत पोचायचंय, नवा माल उतरतोय."

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत स्टॉपकडे येत होते. शंतनूनं हात झटकले, उठून आपल्या जागेवर बसला आणि ते पोचेपर्यंत दार उघडं ठेवून थांबला. ऋजुता आत येऊन पुन्हा पहिल्या सीटवर बसली. गृहस्थ चढले, बसले. मग त्यानं दार लावलं आणि बस वळवली.